दाताला मार बसल्यानंतर मूळ विरघळू लागलं तर काय करायचं

मे महिन्याच्या सुट्टीत नागपुरात फुटाळ्याच्या रस्त्यावर सायकलवरून पडलेला एक ११ वर्षांचा मुलगा नोव्हेंबरमध्ये माझ्याकडे आला. पडला तेव्हा वरचा पुढचा दात आतल्या बाजूला वळला होता. घराजवळच्या दवाखान्यात तो सरळ करून शेजारच्या दातांना तारेने बांधला, ४ आठवड्यांनी तार काढली आणि घरच्यांच्या लेखी तो विषय तिथे संपला. नोव्हेंबरमध्ये हिरडीवर पुटकुळी दिसली म्हणून आई त्याला घेऊन आली. एक्स-रे पाहिला तर मुळाचा एका बाजूचा जवळजवळ एक तृतीयांश भाग कुरतडल्यासारखा नाहीसा झाला होता.

"त्याले दुखतच नव्हतं जी मॅडम," आई म्हणाली.

मुलाची ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील मी बदलले आहेत. आईचं वाक्य मात्र जसंच्या तसं आहे, कारण हा लेख त्या वाक्यासाठीच लिहिते आहे. मूळ विरघळतं तेव्हा दुखत नाही. ठणका नाही, सूज नाही, थंड-गरम लागत नाही. मार बसलेल्या दाताचे खरे उपचार पहिल्या दिवशी थोडे आणि पुढच्या ठरावीक तारखांना जास्त होतात. त्या तारखा पाळल्या तर बरेच दात वाचतात. चुकल्या तर पुष्कळदा मला फक्त उरलेलं मूळ मोजता येतं.

मूळ विरघळतं म्हणजे काय होतं

मुलांचे पडलेले दुधाचे दात तुम्ही हातात घेतले असतील. त्यांना मूळ नसतं. मूळ होतं, पण खालून नवा दात येताना शरीरातल्या खास पेशींनी ते हळूहळू विरघळवलं. त्याच जातीच्या पेशी आपल्या हाडातही जन्मभर काम करतात. जुनं हाड मोडायचं आणि दुसऱ्या पेशींनी नवं बांधायचं, हा त्यांचा रोजचा उद्योग. पक्क्या दाताच्या मुळाला मात्र त्या हात लावत नाहीत. मुळावर सिमेंटम नावाचं पातळ आवरण असतं. त्याच्या आणि हाडाच्या मधे सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा जिवंत थर असतो. या दोघांची राखण असते तोवर मूळ सुरक्षित.

मार बसला की हे आवरण चेपतं, खरवडतं, काही ठिकाणी निघून जातं. जखम लहान असेल आणि दाताची नस जिवंत असेल तर शरीर काही आठवड्यांत ती बुजवतं. नस मेली आणि तिच्यात जंतू वाढले तर त्यांचं विष मुळाच्या सूक्ष्म नळ्यांतून उघड्या जागेपर्यंत पोचतं, आणि विरघळवणाऱ्या पेशींना थांबायचं कारणच उरत नाही. तंतूंचा थरच मोठ्या प्रमाणावर मेला तर तिसरी गोष्ट घडते: हाड थेट मुळाला चिकटतं आणि मुळाला स्वतःचाच भाग समजून मोडायला लागतं. या तिन्ही शक्यतांचे उपचार निरनिराळे आहेत, एवढं लक्षात ठेवून पुढे वाचा.

पहिला तास

पक्का दात मुळासकट बाहेर पडला असेल तर पुढच्या सगळ्या उपचारांपेक्षा या तासाचं वजन जास्त आहे. कोपनहेगनचे डॉ. येन्स आंद्रेआसन यांनी १९६६ साली पुन्हा बसवलेल्या ११० दातांचा अभ्यास मांडला. अर्ध्या तासाच्या आत बसवलेल्या दातांपैकी सुमारे १० टक्क्यांतच मूळ विरघळलेलं दिसलं, आणि २ तासांहून जास्त वेळ बाहेर राहिलेल्या जवळजवळ सगळ्याच दातांत ते दिसलं. आज साहित्य कितीतरी सुधारलं आहे, पण या घड्याळात बदल झालेला नाही.

आधी मूल शुद्धीवर आहे ना, उलटी झाली का, डोक्याला मार आहे का, हे पाहा. यातलं काही असेल तर दात बाजूला ठेवा आणि थेट मेडिकलला किंवा मेयोला, म्हणजे नागपुरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत न्या. मूल ठीक असेल तर दात शोधा. तो दुधाचा असेल तर परत बसवायचा नसतो, कारण खाली वाढणाऱ्या पक्क्या दाताला इजा होते. साधारण सात-आठ वर्षांनंतर वरचे मधले दात पक्के असतात.

पक्का दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाइनने हलकेच धुवा, नाहीतर मुलाच्याच लाळेने. घासायचं नाही, रुमालाने पुसायचं नाही, हळद-चुना काही लावायचं नाही. मग तोंडातल्या खोबणीत, पुढची बाजू पुढे येईल असा, सावकाश दाबून बसवा. वर घडी केलेला स्वच्छ रुमाल ठेवून मुलाला हलके चावून धरायला सांगा आणि दवाखाना गाठा. हे करताना आई-वडिलांचे हात थरथरतात, मी पाहिलं आहे. तरीही करा. थोडा तिरका बसला तरी आम्ही सरळ करतो. मेलेला तंतूंचा थर मात्र आम्हाला जिवंत करता येत नाही.

बसवणं जमलंच नाही तर दात थंड दुधात ठेवा. पिशवीचं दूध चालतं आणि ते नागपुरात कुठल्याही कोपऱ्यावर मिळतं. चहाच्या टपरीवरचं उकळतं दूध नको. दूध नसेल तर मुलाला पेल्यात थुंकायला सांगा आणि त्या लाळेत दात बुडवा, किंवा सलाइन वापरा. साधं पाणी या कामाला वाईट, पण कोरडा ठेवण्यापेक्षा बरं. नारळपाण्याबद्दल पुष्कळजण विचारतात. दूध मिळत असताना त्याच्या मागे लागू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तापलेल्या डांबरावर किंवा गच्चीच्या फरशीवर पडलेला दात किती लवकर कोरडा पडत असेल याचा विचार करा, आणि सगळ्यात आधी तो ओला करा. १५ मिनिटांच्या आत परत बसलेल्या दाताचे तंतू बहुधा जिवंत असतात. कोरडेपणाचा एक तास उलटला की ते मेले असंच धरावं लागतं.

एका कागदावर लिहून ठेवायचंच: पडल्याची वेळ, दात किती वेळ कोरडा होता, कशात ठेवला, कधी बसवला. पुढची पाच वर्षं प्रत्येक डॉक्टर हेच विचारणार आहे.

पहिल्या भेटीत काय व्हायला हवं

दात जागेवर आणून तो शेजारच्या दातांना पातळ, लवचीक तारेने बांधतात. तारेची जाडी ०.४ मिलिमीटरपर्यंतच असावी. दात किंचित हलता राहिला पाहिजे, कारण पूर्ण घट्ट जखडलेल्या दाताला हाड चिकटण्याची भीती वाढते. "छान मजबूत बांधून द्या" असं पालक प्रेमाने म्हणतात, पण इथे मजबुती घातक ठरते. बाहेर पडून बसवलेल्या दाताला २ आठवडे, खाली लोंबलेल्या दातालाही २, बाजूला वळलेल्या किंवा हाडात आत घुसलेल्या दाताला ४ आठवडे, असा साधारण काळ असतो. हाडही तुटलं असेल तर तो वाढतो.

एक्स-रे एकापेक्षा जास्त कोनांतून काढलेले असावेत. त्यांच्या प्रती आजच मागून घ्या. सहा महिन्यांनंतर मूळ लहान झालं का हे कळायला आजचा फोटो लागतो. तो नसेल तर तुलना कशाशी करायची? धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. बाहेर पडलेल्या दातासाठी डॉक्टर सहसा प्रतिजैविकही देतात. मुलाला हृदयाचा आजार, कुठली ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर ते तुम्ही आपणहून सांगा.

दोन आठवडे वरण-भात, मऊ खिचडी, लापशी, दह्यात कालवलेली पोळी. सावजी रस्सा, चिवडा, कणीस, पेरू पुढे ढकला. तोंड दुखतं म्हणून दात घासणं बंद करू नका. मऊ ब्रश आणि दिवसातून दोनदा क्लोरहेक्झिडीनच्या गुळण्या. बोटाने दंतमंजन घासणं या काळात नको.

नसेचा निर्णय

माझ्या मते सगळ्यात जास्त दात इथे हातचे जातात.

मुळाचं टोक पूर्ण बंद झालेला दात, म्हणजे मूळ पूर्ण वाढलेला दात, जर बाहेर पडून बसवला असेल किंवा हाडात आत घुसला असेल, तर त्याची नस पुन्हा जिवंत होण्याची आशा जवळजवळ नसते. अशा दाताचं रूट कॅनाल २ आठवड्यांच्या आत सुरू करायचं असतं. दुखण्याची वाट पाहायची नाही, रंग बदलण्याचीही नाही. मेलेली नस जंतूंनी भरण्याआधी आतली जागा स्वच्छ करून औषध भरलं की मूळ विरघळण्याचा मोठा रस्ता बंद होतो. आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरतात आणि साधारण महिन्याभराने कायमचं भरण करतात. काही डॉक्टर त्याऐवजी स्टेरॉइड-प्रतिजैविकाचा लेप ६ आठवडे ठेवतात. तोही मान्य मार्ग आहे. त्याने दाताला रंग चढू शकतो, म्हणून तो वरच्या भागात लागणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

लहान मुलाचं मूळ टोकाला अजून उघडं असेल तर गोष्ट वेगळी. उघड्या टोकातून रक्तवाहिन्या परत आत शिरू शकतात आणि मूळ पुढे वाढू शकतं. म्हणून तिथे घाई करत नाही, थांबतो. पण थांबणं म्हणजे दर काही आठवड्यांनी एक्स-रे काढत राहणं. मुलांचं मूळ पातळ आणि त्यातल्या नळ्या रुंद, त्यामुळे जंतू शिरले तर काही आठवड्यांत फार मोठं नुकसान होतं. मार बसल्यानंतर पहिले तीन महिने थंडाची किंवा विजेची चाचणी फसवी असू शकते. जिवंत नसही उत्तर देत नाही. म्हणून केवळ "चाचणीत नस मेलेली आली" एवढ्यावर रूट कॅनाल करू देऊ नका. रंग, पुटकुळी, एक्स-रेतला बदल यांपैकी आणखी काहीतरी सोबत असावं. वाट पाहण्याला एकच अपवाद: एक्स-रेत मूळ कुरतडलेलं आणि शेजारचं हाड काळं दिसलं, तर त्याच आठवड्यात उपचार सुरू.

तारखा सणांना बांधून टाका

बाहेर पडून बसवलेल्या दातासाठी तपासण्या २ आठवडे, ४ आठवडे, ३ महिने, ६ महिने, १ वर्ष आणि मग दरवर्षी, अशा किमान ५ वर्षं. मूळ उघडं असेल तर मधे दुसऱ्या महिन्याचीही भर. बाकीच्या प्रकारांत थोडा फरक पडतो, तो तुमचे डॉक्टर सांगतील.

मोबाइलमधली आठवण वाजते आणि विसरली जाते, म्हणून मी पालकांना सण सांगते. मेच्या मध्यावर मार लागला असेल तर पहिली तपासणी मे संपताना, दुसरी जूनच्या मध्यात, म्हणजे विदर्भातल्या शाळा उघडण्याच्या आधी. तिसरी तान्ह्या पोळ्याच्या सुमारास, चौथी दिवाळी झाल्यावर, पाचवी पुढच्या उन्हाळी सुट्टीत. संक्रांतीत गच्चीवर पतंग उडवताना पडलेल्या मुलाची यादी वेगळी. ती कागदावर करून फ्रिजवर लावा.

घरीही एक काम करा. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, खिडकीच्या उजेडात, मुलाने दात मिटून ओठ वर केलेला समोरून एक फोटो काढा. सहा फोटो ओळीने पाहिले की मार बसलेल्या दाताची कड शेजारच्या दातापेक्षा वर सरकते आहे का, हे आरशात न दिसणारं फोटोत दिसतं. दात राखाडी होणं, हिरडीजवळ गुलाबी डाग उमटणं, हिरडीवर पुटकुळी येणं-फुटणं, घट्ट झालेला दात पुन्हा हलायला लागणं, यांपैकी काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही.

कोणता प्रकार, हे आधी ठरवा

उपचार करण्याआधी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: "कोणत्या प्रकारचं रिसॉर्प्शन, म्हणजे मूळ विरघळणं, आहे?" उत्तर स्पष्ट नसेल तर दाताला हात लावण्यापूर्वी दुसरं मत घ्या, कारण एका प्रकाराचा उपचार दुसऱ्यावर केला तर फायदा शून्य.

मुळाच्या बाजूला वाटीसारखा खड्डा आणि त्याला लागून हाडातही काळी जागा असेल तर तो जंतूंमुळे होणारा प्रकार. मुळाभोवतीची काळी रेघ, म्हणजे तंतूंचा थर, नाहीशी झाली आहे, हाड आणि मूळ एकमेकांत मिसळल्यासारखे दिसताहेत, दात जराही हलत नाही आणि आरशाच्या दांड्याने टकटक केल्यावर शेजारच्या दातापेक्षा उंच, धातूसारखा आवाज येतो, तर हाड चिकटलं आहे. मुळाच्या आतली नळी मधेच फुग्यासारखी रुंद झाली असेल तर विरघळणं आतून चाललं आहे. हिरडीच्या कडेजवळ वेडीवाकडी काळी जागा असेल आणि नळीची रेघ तिच्यातून सरळ जाताना दिसत असेल, तर तो दाताच्या मानेपाशी बाहेरून शिरलेला प्रकार. खड्डे अगदी उथळ असतील आणि तंतूंची रेघ शाबूत असेल तर ती भरत आलेली जखम. तिला उपचार नको, फक्त पुढचा एक्स-रे हवा.

आतून की बाहेरून, याची एक सोपी परीक्षा आहे. एक्स-रेची नळी थोडी बाजूला सरकवून दुसरा फोटो काढतात. खड्डा आत असेल तर तो दोन्ही फोटोंत मुळाच्या नळीच्या मध्यावरच राहतो. बाहेर असेल तर जागा बदलतो. यानेही उलगडा झाला नाही किंवा शस्त्रक्रिया करायची असेल तर सीबीसीटी, म्हणजे दाताचा त्रिमितीय स्कॅन. प्रत्येक मुलाला तो लागत नाही. लागेल तेव्हा फक्त त्या भागापुरता, लहान आकाराचा काढायला सांगा.

जंतूंमुळे मूळ विरघळत असेल तर

हा प्रकार सगळ्यात झपाट्याने वाढतो आणि उपचारांना सगळ्यात चांगली दादही देतो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

पहिल्या बैठकीत दात बधिर करून त्यावर रबर डॅम, म्हणजे रबराचा पडदा लावतात. तो लावतात का, हे विचारायला संकोचू नका. लाळेतले जंतू आत जाऊ न देणं हाच इथे उपचाराचा पाया आहे. दाताच्या मागच्या बाजूने छिद्र करून मेलेली नस काढतात. नळीची लांबी मोजताना जास्त काळजी लागते, कारण टोक कुरतडलेलं असलं की मोजणारं यंत्र चुकू शकतं. मी अशा वेळी आत फाइल, म्हणजे नळी साफ करायची बारीक सुई, ठेवून एक्स-रे काढतेच. मग सोडियम हायपोक्लोराइटने धुतात, तेही अगदी सावकाश, दाब न देता, कारण मुळाला भोक पडलं असेल तर ते द्रावण बाहेरच्या ऊतींना भाजतं. नळी कोरडी करून कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा लेप टोकापर्यंत भरतात आणि वरून पक्कं तात्पुरतं भरण करतात. हे वरचं भरण निघालं तर त्याच दिवशी दवाखान्यात या. उघड्या दाताने चार दिवस काढले तर सगळी मेहनत वाया.

या लेपाचा पीएच साधारण १२.५ असतो. विरघळवणाऱ्या पेशी आम्ल सोडून काम करतात आणि हा अल्कधर्मी लेप जंतू मारतो, शिवाय त्यांचं आम्लही निष्प्रभ करतो. दोन ते चार आठवड्यांनी दात उघडून पाहतात. अजून पू किंवा ओल असेल तर पुन्हा धुऊन नवा लेप. साधारण तीन महिन्यांच्या एक्स-रेत काळ्या पडलेल्या हाडाच्या जागी पांढुरकं हाड भरताना दिसू लागतं आणि मुळाभोवतीची रेघ परत उमटते. ती रेघ दिसली की मला खरंच हायसं वाटतं. पूर्वी हा लेप वर्ष-दोन वर्षं बदलत राहायचे. पण लहान मुलांच्या पातळ मुळात तो फार काळ राहिला तर मूळ ठिसूळ होऊन हिरडीपाशी तुटू शकतं. म्हणून गरजेपुरता ठेवून कायमचं भरण करणं बरं. टोक उघडं असेल किंवा मुळाला भोक असेल तिथे एमटीए किंवा तशाच जातीचं बायोसिरॅमिक सिमेंट भरतात. एमटीए १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात डॉ. महमूद तोराबिनेजाद यांनी पुढे आणलं. ते ओलसर जागीही घट्ट बसतं. पुढच्या दातात ते हिरडीच्या पातळीखालीच ठेवायला सांगा, नाहीतर दात काळपट दिसतो.

गेलेलं मूळ परत उगवत नाही, हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगावं लागतं. विरघळणं थांबलं आणि उरलेल्या मुळावर नवं आवरण आलं, की उपचार यशस्वी. सुरुवातीला सांगितलेल्या मुलाचं मूळ आजही दोन तृतीयांश आहे, आणि तेवढ्यावर तो दात भक्कम उभा आहे. दिवाळीनंतर त्याची आई न चुकता एक्स-रेला घेऊन येते.

हाड चिकटलं असेल तर

इथे खरं ते सांगणं हाच मोठा भाग आहे. हे थांबवणारं औषध आज नाही. चांगल्यात चांगलं रूट कॅनालही हाडाला मूळ खाण्यापासून रोखत नाही. "करून तर पाहू" म्हणून कुणी ते सुचवलं तर कशासाठी, हे विचारा. प्रौढ माणसात ही क्रिया इतकी संथ असते की दात अनेक वर्षं, कधी दशकं, कामाला येतो. त्याला तसाच राहू द्यावा. वाढत्या मुलात मात्र साधारण ३ ते ७ वर्षांत मूळ संपतं. त्याहून अडचणीची गोष्ट अशी की मुलाचा जबडा वाढतो, शेजारचे दात त्याच्यासोबत खाली येतात आणि चिकटलेला दात जिथल्या तिथे राहतो. पाहणाऱ्याला तो आत गेल्यासारखा दिसतो. शेजारचे दात त्याच्याकडे कलतात, त्या जागचं हाडही वाढायचं राहतं. तारा लावून तो दात खाली ओढता येत नाही; उलट त्याच्या आधाराने बाकीचे दात वाकडे होतात. ऑर्थोडॉन्टिस्टकडे जाण्याआधी ही माहिती त्यांच्या कानावर घाला. हाड न चिकटलेल्या दातालाही साध्या मारानंतर निदान ३ महिने आणि मोठ्या मारानंतर सहा महिने ते वर्षभर तारांपासून विश्रांती द्यावी.

फरक अगदी थोडा असेल तर खालच्या कडेला कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, लावून लांबी सारखी करतात. तो १ मिलिमीटरपेक्षा जास्त झाला आणि मूल अजून वाढणार असेल, तर डीकोरोनेशनचा विचार करायचा. स्वीडनमधल्या माल्मग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली ही पद्धत मांडली. दाताचा वरचा भाग कापून काढतात, आतलं जुनं भरण काढून नळीत रक्त भरू देतात, आणि मूळ हाडातच ठेवून वरून हिरडी शिवतात. दात उपटला तर पुढची पातळ हाडाची भिंत त्याच्यासोबत तुटते. मूळ आत राहिलं तर ते हळूहळू हाडात बदलतं, वर नवं हाड येतं आणि जागेची रुंदी-उंची टिकते. पुढे इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवायचं तर हेच हाड लागणार आहे. वेळ नेमकी साधावी लागते: उंची झपाट्याने वाढण्याच्या सुमारास केलं तर फायदा सर्वांत जास्त. फार लवकर नको, आणि दात पार आत गेल्यावरही नको.

आतून विरघळत असेल तर

पक्क्या दातांत हे क्वचित दिसतं. आतली अर्धवट जिवंत नसच मूळ पोखरत असते, म्हणून ती काढली की तिचं पोषण संपतं आणि पोखरणं थांबतं. रूट कॅनाल जितकं लवकर तितकं बरं. दात उघडल्यावर भरपूर रक्त येतं, घाबरू नका. फुग्यासारख्या जागेत फाइल पोचत नाही, त्यामुळे अल्ट्रासोनिक उपकरणाने द्रावण हलवून ती स्वच्छ करतात, एक-दोन आठवडे लेप ठेवतात आणि नंतर गरम करून मऊ केलेलं गुट्टापर्चा हे रबरासारखं भरण आत दाबतात, म्हणजे ते कोनाकोपऱ्यात पसरतं. भिंतीला भोक पडलं असेल तर तिथे एमटीए.

दाताच्या मानेपाशी बाहेरून शिरत असेल तर

हा प्रकार मारानंतर कित्येक वर्षांनीही उगवतो, इतक्या उशिरा की माणूस तो मार विसरून गेलेला असतो. लहानपणी दाताला मार लागलेल्या मोठ्या माणसांनीही म्हणून हा भाग वाचावा. हिरडीच्या कडेला गुलाबी ठिपका, बस. नस बहुतेकदा जिवंत असते. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. जेफ्री हाइदरसे यांनी १९९९ मध्ये त्याच्या चार पायऱ्या पाडल्या आणि आम्ही आजही त्याच वापरतो. पहिल्या दोन पायऱ्यांत हिरडी उघडून आतली वाढ खरवडून काढतात, ९० टक्के ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल बोळ्याने काळजीपूर्वक लावतात, म्हणजे उरलेली वाढ मरते, आणि खड्डा ग्लास आयोनोमर, कंपोझिट किंवा बायोडेंटीनने भरतात. नसेपर्यंत पोचलं असेल तर सोबत रूट कॅनाल. तिसऱ्या पायरीवर यश कमी होतं. चौथ्यावर, दात दुखत नसेल तर, तो छेडण्यापेक्षा तसाच सांभाळत त्याच्या जागी बसवायच्या दाताची तयारी करणं मला जास्त योग्य वाटतं.

नागपुरात कुठे जायचं आणि सोबत काय न्यायचं

खर्चाच्या धास्तीने तारखा चुकवू नका. मेडिकलच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. तिथे मुलांच्या दातांचा विभाग, रूट कॅनालचा विभाग आणि शस्त्रक्रियेचा विभाग एकाच ठिकाणी मिळतात. हिंगणा रोडवरही दंत महाविद्यालयं आहेत. अशा ठिकाणी बैठकांना वेळ लागतो, पण या दुखण्यात तीन विभागांच्या डॉक्टरांनी एकत्र बसून पाहणं मोलाचं असतं. खासगी दवाखान्यात जाणार असाल तर रूट कॅनालमध्ये एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर पदवी, केलेल्या डॉक्टरांना मुळाच्या उपचारासाठी आणि मुलांच्या दंततज्ज्ञांना वाढीच्या प्रश्नासाठी, असं दोघांना भेटा. यवतमाळ, गोंदिया किंवा चंद्रपूरहून येणाऱ्यांनी एक्स-रेचे मोबाइलवर काढलेले फोटो आणायचे असतील तर ते निदान उजेडाच्या पाटीवर लावून, नीट काढलेले आणा. शक्यतो मूळ प्रतीच आणा. एका फायलीत पहिल्या दिवसाचा कागद, सगळे एक्स-रे तारखेने, आणि महिन्याचे फोटो. ती फाइल पाहून मला दहा मिनिटांत जे कळतं ते तासभर बोलूनही कळत नाही.

दात गेलाच तर

वाढ पूर्ण होईपर्यंत इम्प्लांट नाही. इम्प्लांट चिकटलेल्या दातासारखंच वागतं, जबडा वाढतो आणि ते मागे राहतं. मधल्या वर्षांसाठी शेजारच्या दातांना न कापता मागून चिकटवलेला दात किंवा काढता-घालता येणारी पट्टी चालते. योग्य वय असेल आणि दातांची गर्दी असेल तर मुलाचीच उपदाढ काढून पुढे रोवण्याचा पर्यायही आहे. तिचं मूळ अर्धं-अधिक वाढलेलं पण टोक उघडं असतं तेव्हा ती चांगली रुजते.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीचा दात शाळेच्या मैदानावर पडला होता आणि दीड तास कंपासपेटीत कोरडा राहिला होता. तो चिकटणार हे पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. तरीही बसवला, म्हणजे निदान हाड टिकेल. तिच्या वडिलांनी प्रत्येक महिन्याचा फोटो काढला. तेराव्या वर्षी दाताची कड १ मिलिमीटरहून जास्त वर गेलेली त्या फोटोंत दिसली, आणि आम्ही डीकोरोनेशन केलं. कापलेला वरचा भाग घासून-पुसून तोच शेजारच्या दातांना मागून चिकटवला, त्यामुळे शाळेतल्या फोटोत तिचा स्वतःचाच दात आहे. आता ती दर सहा महिन्यांनी येते. आम्ही तिची उंची दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर मोजतो, एक्स-रेत मूळ किती उरलं ते पाहतो, आणि दोन्ही आकडे तिच्या वडिलांच्या फायलीत लिहितो.